पिठाची चकती

मदर फिलोमिनांना घाबरत नाही असं आमच्या शाळेत कोणी नव्हतं. मुली तर घाबरायच्याच. पण आम्ही शिक्षिकाही त्या व्हरांड्याच्या टोकाला दिसल्या की पदर सारखा करायचो आणि हातात खडू नसला तर उगाच उचलायचो. त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. त्या नुसत्या चष्म्यावरून बघायच्या, आणि तेवढ्यात माणसाला या जन्मीचे सोडाच, मागल्या जन्मीचे गुन्हेही आठवायचे. अशी बाई घाबरलेली मी पाहिली ती त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी. सगळ्यांना धाक घालणारं माणूसच घाबरलं की बाकीच्यांनी बघायचं कोणाकडे, हे मला त्या दिवशी कळेना.

मी वसुमती. बसवनगुडीतल्या आमच्या घराला बेंगळुरात येऊन तीनशे वर्षं झाली म्हणतात. घरात मराठी, दारात कन्नड आणि देवघरात संस्कृत, असा आमचा संसार. लग्नानंतर वर्ष सरायच्या आत मी विधवा होऊन माहेरी परत आले. माझे वडील भीमाचार्य, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, मठात शब्दाला वजन असलेले माणूस. त्यांनी मला कोपऱ्यात बसवण्याऐवजी कँटोन्मेंटमधल्या नन्सच्या शाळेत धाडलं. मुलीला कधी बाटवताय, असं लोकांनी त्यांना तोंडावर विचारलं. अण्णांनी ते गिळलं. त्याच शाळेत मी शिकले आणि तिथेच गणित शिकवायला लागले.

पुढे भावाच्या मुलीला, कावेरीला, त्याच शाळेत घालायची वेळ आली तेव्हा मात्र अण्णांनी अट घातली. नन्सच्या धर्मातलं काही मुलीच्या अंगाला लागलं, तर ती घरी बसेल आणि तिच्यामागोमाग मीही. अण्णांची अट म्हणजे दगडावरची रेघ. मदरनी माझ्याकरवी त्यांना शब्द पाठवला होता की हिंदू मुलींना चॅपलमध्ये नेणार नाही, आणि तो त्यांनी कसोशीने पाळला. प्रार्थनेच्या तासाला आमच्या मुली माझ्याकडे येऊन पाढे म्हणायच्या. पाढ्यांनी अजून कोणी बाटलेलं नाही.

१९५८ साली मदर निवृत्त झाल्या. नन निवृत्त होते म्हणजे पेन्शन घेऊन नातवंडं खेळवत बसत नाही. खुर्ची सुटली की ती सगळ्यांत खालची होते. जेवणाच्या टेबलावर शेवटची जागा, आणि पोस्टाचं तिकीट हवं असलं तरी नव्या मदरना विचारायचं. मदर मूळच्या मंगळूरच्या, मायबोली कोंकणी; त्यांना तिकडेच, म्हाताऱ्या नन्सच्या घरी जायची आज्ञा झाली होती. नव्या मदर दुसऱ्या दिवशी मद्रासहून यायच्या होत्या.

निरोपाच्या दिवशी सकाळी चॅपलमध्ये खास पूजा होती. त्या एका दिवसापुरतं सगळ्याच मुलींनी बाकांवर बसून बघावं, असा सिस्टरांनी हट्ट धरला, आणि मदर प्रथमच नको म्हणाल्या नाहीत. मलाही त्यात वावगं वाटलं नाही. नुसतं बसून बघण्याने अंगाला काही लागत नाही. पण त्या दिवशी एकादशी होती, हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आलं नाही.

कावेरी नऊ वर्षांची, आणि नुकतीच हट्टाने एकादशी करायला लागलेली. आमची एकादशी साबुदाण्याची खिचडी चापून ढेकर देण्याची नव्हे. आम्ही माध्व, मध्वाचार्यांच्या पंथाचे; आमच्या घरी त्या दिवशी चूलच पेटत नाही. पोरगी सकाळपासून पाण्याच्या घोटावर होती आणि त्याची तिला भलती ऐट होती.

आता नन्सच्या पूजेतली एक गोष्ट सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पूजेच्या शेवटी त्यांची माणसं पुढे जाऊन गुडघे टेकतात आणि पाद्री प्रत्येकाच्या जिभेवर गव्हाच्या पिठाची एक पातळ पांढरी चकती ठेवतो. ती घ्यायची उपाशीपोटी. त्यांची श्रद्धा अशी की मंत्र म्हटल्यावर ती पिठाची राहत नाही. तिच्यात त्यांचा देव येतो, आणि तोही नावापुरता नव्हे, साक्षात. पाद्रीखेरीज कोणी तिला बोट लावत नाही.

मुलींना पुढे सोडायला सिस्टर लुसी होती. केरळातून नुकतीच आलेली, कोण कोणाच्या घरची याचा तिला पत्ता नाही. त्यातून सगळ्या मुलींच्या डोक्यावर सारखेच पांढरे रुमाल. ती बाकांमधून कुजबुजत गेली की ज्यांनी सकाळपासून काही खाल्लेलं नाही त्यांनी पुढे चला. कावेरीइतकी उपाशी त्या चॅपलमध्ये दुसरी कोण होती? ती उठली आणि मान ताठ करून पुढे गेली. मी मागे दाराशी लहान मुलींना दटावत होते. मला काहीच दिसलं नाही.

निरोपाची भाषणं झाली, हार झाले, रडारड झाली. शाळा लवकर सुटली आणि मुली घरी गेल्या. मग मदरनी मला खोलीत बोलावलं. सिस्टर लुसी कोपऱ्यात हुंदके देत होती. मदर टेबलाला टेकून उभ्या होत्या. कशालाही टेकून उभ्या राहिलेल्या मदर मी कधी पाहिल्या नव्हत्या.

त्यांनी सगळं हळू आवाजात सांगितलं. एका मुलीने तोंड उघडलंच नाही. उजवा तळवा पुढे धरला. फादर म्हातारे, डोळ्यांत मोतीबिंदू. चकती मुलीच्या ओठांना टेकून तळव्यात पडली, मुलीने मूठ मिटली आणि ती जागेवर जाऊन बसली. सिस्टर लुसीने पाहिलं, पण भीतीने तिची वाचाच बसली. आता मुलगी कोण ते तिला सांगता येत नव्हतं.

मला सांगता येत होतं. त्यांचं मूल जीभ पुढे करतं. तळवा पुढे करतं ते तीर्थ घ्यायची सवय असलेलं मूल. आणि सकाळपासून उपाशी असलेलं तसं मूल एकच होतं.

“माझी कावेरी,” मी म्हटलं.

तिने ती खाल्ली असेल का, असं मदरनी विचारलं. मी म्हटलं, आज एकादशी, आज ती काही तोंडात घालणार नाही. तिच्या लेखी तो प्रसाद आहे. उद्या द्वादशीला पारणं करताना खाईल. तोवर नीट कुठेतरी ठेवेल. हे ऐकून त्यांना धीर येईल असं मला वाटलं होतं. पण त्या म्हणाल्या, कुठेतरी म्हणजे कुठे? मुंग्या लागल्या तर? कोणी केरात लोटली तर? गाईपुढे टाकली तर? बोलता बोलता त्यांनी तोंडावर हात दाबला. आपल्या घरातलं लहान मूल गर्दीत हरवावं, तशी ती बाई कासावीस झाली होती.

फादरना सांगायचं तर ते बिशपांकडे जाणार, आणि मग हिंदू मुलींना शाळेचं दार बंद व्हायला वेळ लागणार नव्हता. सिस्टर लुसीला त्यांनी तोंड उघडायचं नाही अशी ताकीद दिली. चॅपलमधून एक धुतलेलं पांढरं फडकं आणलं.

“संध्याकाळपर्यंत मी प्रिन्सिपॉल आहे, वसुमती,” त्या म्हणाल्या. “उद्या मला फाटकाबाहेर पडायलाही विचारावं लागेल. चल.”

कँटोन्मेंटपासून बसवनगुडी काही जवळ नाही, आणि जटक्याचं घोडं त्या दिवशी मुद्दाम रेंगाळत होतं असं मला वाटलं. मदर डोळे मिटून जपमाळ ओढत होत्या. मी आमच्या मारुतीला विनवत होते. दोघींच्या भीतीची जात वेगळी होती. त्यांना त्यांच्या देवाची विटंबना होईल ही भीती. माझी भीती साधी आणि स्वार्थी होती. कावेरीने आत्तापर्यंत अण्णांना सांगितलं असेल का? पोरगी खोटं बोलत नाही, आणि ऐटीत सांगायला तर तिला भारी आवडतं. ती घरी बसली की दोन वर्षांत तिला स्थळं बघायला लागतील. आणि मी परत त्या घरात जाईन, जिथे माझ्या नावाने कोणी हाक मारत नाही, नुसतं ‘अगं’ म्हणतात. शाळेत मला वसुमती टीचर म्हणतात. तेवढं एक मला आयुष्यात मिळालं होतं, आणि ते एका चकतीवर टांगलेलं होतं. इकडे आड आणि तिकडे विहीर, आणि जटका दोन्हीकडे निघालेला. मदरनी मध्येच डोळे उघडून एवढंच सांगितलं की चकतीला हात लावू नकोस, काहीही झालं तरी.

आमच्या गल्लीत नन कधी आली नव्हती. जटका थांबला तशी समोरची दारं किलकिली झाली. अण्णा दारापुढच्या जगलीवर, त्या दगडी ओट्यावर, बसले होते. मांडीवर पोथी होती, पण मिटलेली. त्यांना कळलं आहे हे मला लांबूनच कळलं.

झालं होतं असं. कावेरीने घरी येऊन आंघोळ केली, चकती चांदीच्या वाटीत घातली, वाटी देवघरात शाळिग्रामाच्या संपुष्टाशेजारी, त्याच्या डबीला लागून, ठेवली आणि बाहेर येऊन आजोबांना आनंदाने सांगितलं की मदरचा प्रसाद आणलाय, उद्या सगळे मिळून घेऊ. वहिनी, पद्मावती, तेव्हापासून स्वयंपाकघराच्या दारात डोळे पुसत उभी होती. अण्णांनी देवघरात पाऊल टाकलं नव्हतं. मला बघताच कावेरी धावत आली आणि रडायला लागली.

“अत्ते, सिस्टरनी उपास कुणाला म्हणून विचारलं. मी होते की. खोटं सांगू काय?”

मी तिला दाराआड उभं केलं.

मदर जगलीच्या पायरीखाली उन्हात उभ्या राहिल्या. वर या असं अण्णा म्हणाले नाहीत, आणि त्याही चढल्या नाहीत. अण्णांनी मला मडीत जाऊन वाटी बाहेर आणायला सांगितलं. मडी म्हणजे पुण्याकडचे ज्याला सोवळं म्हणतात ते. मी न्हाणीघरात जाऊन डोक्यावरून घागर ओतली आणि ओलेत्याने, कोणाला न शिवता, देवघरात गेले. वाटीत ती चकती होती. रुपयाएवढी, कागदासारखी, पांढरी. तिच्याकडे बघून मला रडू आलं. एवढ्याशा गोष्टीपायी तीन जणींचं आयुष्य टांगणीला लागलं होतं, आणि तिला हातही लावायचा नव्हता.

मी वाटी दोन्ही हातांत धरून उंबऱ्यात आले. अण्णांनी हात वर करून मला थांबवलं आणि ते मदरकडे वळले.

“मी ऐकून आहे की तुमच्या देवाचं ह्यात साक्षात सान्निध्य असतं,” अण्णा म्हणाले. “तसं असेल तर ही मुलगी ते हातात घेऊन आली आणि माझ्या देवापाशी ठेवून बसली. मग मला तिला शाळेत धाडता येणार नाही, आणि वसुमतीलाही नाही. उद्या मठात चार माणसं मला विचारतील. मला त्यांना उत्तर द्यावं लागेल. हे नुसतं पीठ असेल तर तसं सांगा. तुम्ही खोटं बोलत नाही हे मी इतकी वर्षं ऐकत आलोय. तुमचा शब्द मी मठात जसाच्या तसा सांगेन.”

मी खरं सांगते, मला मदरची दया आली नाही. मी मनात ओरडत होते की सांगा, सांगून टाका, दोन शब्दांनी तुमचं काय जातंय? आणि मग मी त्यांच्याकडे नीट बघितलं आणि काय जातंय ते मला कळलं. शाळिग्राम म्हणजे नदीतला गोटा आहे असं म्हणा, असं कोणी अण्णांना सांगितलं असतं, तर अण्णांनी मान दिली असती पण तो शब्द दिला नसता. नातीसाठी नाही, माझ्यासाठी नाही, कोणासाठीच नाही. मग ही परकी बाई का देईल? माझा धीर तिथेच सुटला. सगळं संपलं असं मी धरून चालले.

मदरच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी वाटीकडे बघितलं. मग दाराआडून डोकावणाऱ्या कावेरीकडे बघितलं, आणि बराच वेळ तिच्याकडेच बघत राहिल्या.

“पीठ आहे,” मदर म्हणाल्या. “पीठ आणि पाणी.”

“त्यात देव नाही?”

“नाही.”

मग एका पिठाच्या चकतीसाठी एवढ्या उन्हात जातीने का आलात, हे अण्णांनी विचारलं नाही. न्यायशास्त्रात भल्याभल्यांना गप्प बसवलेला माणूस; हा प्रश्न त्यांना सुचला नसेल, हे शक्यच नाही. ते फक्त म्हणाले, “सरी, ठीक आहे. मुलगी उद्या शाळेत येईल.” आणि मला वाटी द्यायला खुणावलं.

मदरनी पांढरं फडकं दोन्ही तळव्यांवर पसरलं. मी वरून वाटी तिरपी केली. चकती फडक्यात पडली. त्यांनी फडकं दुमडून छातीशी धरलं, जवळच्या पिशवीत ठेवलं नाही. त्या जायला वळल्या तसे अण्णा जगलीवरून उठून उभे राहिले. ते मदरसाठी की त्या फडक्यासाठी, हे मला आजही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पारणं आटोपून मी आणि कावेरी शाळेत गेलो. रात्रीत अण्णांचं मन फिरेल या धाकाने मी नेहमीपेक्षा लवकरच निघाले होते. चॅपलचं दार उघडं होतं, आत सकाळची पूजा शेवटाला आली होती. सगळ्या सिस्टर एकेक करून पुढे गेल्या, गुडघे टेकले, परत आल्या. शेवटच्या बाकावर मदर फिलोमिना होत्या. त्या उठल्या नाहीत. रोज सगळ्यांच्या आधी पुढे जाणारी बाई जागची हलली नाही, हे नव्या मदरनी पाहिलं, सगळ्यांनी पाहिलं, आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या.

त्यांना स्टेशनवर न्यायला जटका आला होता. मी ट्रंक पोचवायच्या निमित्ताने जवळ गेले आणि विचारलं, बरं नाही का?

त्या म्हणाल्या की चकती काल संध्याकाळीच फादरांच्या स्वाधीन केली, आणि आपण काय बोललो तेही पापकबुलीत सांगितलं; कबुलीत ऐकलेलं फादर कोणापाशी, अगदी बिशपांपाशीही, उघड करत नाहीत. आपल्या तोंडाने आपला देव नाकारला, याहून मोठं पाप त्यांच्यात नाही. तरी त्यालाही क्षमा आहे, पण ती मिळेपर्यंत पूजेत चकती घेता येत नाही. फादर म्हणाले, पश्चात्ताप झाला एवढं म्हणा, मी आत्ता क्षमा देतो.

“मग?” मी विचारलं.

“होत नाहीये, वसुमती,” मदर म्हणाल्या. “भीती वाटते. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, इतकी भीती वाटते. मी म्हातारी आहे, मला आता त्याच्यासमोरच जायचं आहे. पण तुझ्या वडिलांनी आज पुन्हा विचारलं, तर मी पुन्हा तेच सांगेन. मग पश्चात्ताप झाला असं कोणत्या तोंडाने म्हणू?”

माझ्या देवाचा हवाला त्यांना चालला नसता, आणि त्यांच्या देवाची मला माहिती नव्हती. आमच्यासाठी त्या कुठे जाऊन उभ्या राहिल्या होत्या ते मला दिसत होतं, आणि तिथे त्यांच्यासोबत कोणीच नव्हतं. मी नुसती ट्रंकेची कडी धरून उभी राहिले. तासाची घंटा झाली.

“मुलगी आली?” त्यांनी विचारलं.

“आली. पहिलाच तास माझा आहे, गणिताचा.”

“मग तू इथे काय करतेस?” मदर म्हणाल्या. “वर्गावर जा.”

मी गेले. जटका फाटकातून बाहेर पडल्याचा आवाज आला तेव्हा मी फळ्यावर अपूर्णांक लिहीत होते. पहिल्या बाकावर कावेरी वही उघडून बसली होती. खिडकीकडे वळून बघायची माझी छाती झाली नाही.